सातव्या वर्षीचा शेर

माझ्या मामाच्या पाठीवर मी सलग सहा वर्षं पट्टे ओढले. सुरुवातीला बोटानं, मग कडुनिंबाची काडी चावून केलेल्या कुंचल्यानं, आणि शेवटी शेवटी शाळेच्या रंगपेटीतल्या खऱ्या ब्रशनं. आता नातवंडं मोबाईल पुढे करून सांगतात, "आजी, हा बघ, याच्यासारखे पट्टे जगात दुसऱ्या कोणत्याच वाघाला नाहीत." मी म्हणते, माझ्या मामासारखेही नव्हते बाबा कोणाला. एका वर्षी त्याचे डाव्या अंगाचे पट्टे उभे आणि उजव्या अंगाचे आडवे निघाले, कारण मधेच मायनं मला चुलीवरचा भात बघायला पिटाळलं आणि परत आल्यावर कुठून सुरुवात केली होती ते मी विसरले. मामा तसाच गेला. लोकांनी विचारलं तर म्हणाला, "हा दोन जंगलांतला हाय."

आम्ही लामत्याला राहायचो, हिंदी मुलखाच्या काठावर. बाबा तिथल्या प्राथमिक शाळेत गुरुजी. शाळा हिंदी, घर मराठी आणि रस्ता जे तोंडात येईल ते, असा आमच्या भाषेचा कारभार होता. कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, दोन खोल्यांचं घर, पुढे ओसरी, मागे भाजीपाल्याची सांदवाडी आणि सांदवाडीच्या पलीकडे छोट्या लाईनचे रूळ. गाडी यायच्या आधी मायच्या फळीवरची भांडी वाजायची. आधी ताटल्या, मग गंज. त्या आवाजावर माय डाळीला फोडणी टाकायची, आणि गाडी उशिरा आली की आमचं जेवणही उशिरा. जेवण म्हणजे भात, लाखोळीची डाळ, तलावातले झिंगे मिळाले तर झिंगे. चिन्नोर तांदूळ शिजला की तीन घरं वास जायचा. तो आम्ही पाहुणे आले तरच शिजवायचो, म्हणून मी रोज कोणीतरी मरो किंवा कोणीतरी येवो अशी वाट बघायचे. मी चांगली मुलगी नव्हते. लोकांची समजूत मात्र तशी होती.

किसनामामा मायचा धाकटा भाऊ. जंगलखात्याच्या बांबू डेपोत बांबूचे गठ्ठे बांधायचा आणि आमच्याच ओसरीवर झोपायचा. लग्न केलं नाही. का केलं नाही विचारलं की म्हणायचा, "तुयी माय एक बस नाही काय मले बोलाले?" उंच, काटकुळा, हाताला कायम बांबूची कुसळं रुतलेली. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी मी चिमटा घेऊन ती काढत बसायचे आणि तो मला जंगलातल्या गोष्टी सांगायचा. त्यातल्या निम्म्या खोट्या होत्या. कोणत्या निम्म्या, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी नऊ वर्षांची असताना मला मोतीझिरा झाला. एकवीस दिवस ताप उतरेना. त्यातलं मला फक्त एवढंच आठवतं की छताचे वासे हळूहळू खाली येत होते. मायनं बाबांना न विचारता मोहरमच्या सवारीपुढं नवस बोलला: पोरगी वाचली तर माझा भाऊ सात वर्षं शेर बनेल. आमच्याकडे हिंदू, बौद्ध, मुसलमान सगळेच हा नवस बोलायचे. जीव ज्याचा अडला त्यानं दार बघायचं नाही, अशी रीत. बाबांना कळलं तेव्हा त्यांनी जेवण टाकलं. "आपण धर्म बदलला, दीक्षा घेतली," ते मायला म्हणाले, "अन् नवस तेवढा जुनाच ठेवला?" माय म्हणाली, "पोरगी जगली ना? मंग?" या "मंग"वर बाबा उठून शाळेत निघून गेले, आणि मामाला कोणी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, "शेर तं शेर."

शेर बनायचं म्हणजे असं: पहाटे अंगाला जवसाच्या तेलात घोटलेली पिवडी, म्हणजे पिवळी माती, फासायची, वर काजळीचे पट्टे. कमरेला चिंध्या गुंडाळलेल्या दोराची शेपटी, डोक्याला कागदाच्या लगद्याचा मुखवटा. ताशा सुरू झाला की लोक घेरा करत आणि घेऱ्यात शेर नाचे, झेप घेई, पोरांवर धावून जाई. मग शिकारी येई. शिकारी आमचा दौलत टेलर. स्वतः शिवलेला खाकी कोट आणि लाकडी बंदूक, तिच्यात फोडायला टिकल्या. "ठो" झालं की शेर पडायचा आणि ताशा थांबायचा. नवस बोलणारी बाई पुढे येऊन नारळ फोडायची, शेराच्या तोंडावर पाणी मारायची आणि तो माणूस होऊन उठायचा. ते पडणं महत्त्वाचं. नाचला पण पडला नाही तर ते वर्ष धरत नाहीत. सात वर्षं म्हणजे सात वेळा पडणं. घरी आल्यावर माय घासलेटच्या बोळ्यानं त्याचं अंग पुसायची आणि पुढचे चार दिवस आमच्या ओसरीला घासलेटचा वास. आजही कुठे तो वास आला की माझ्या बोटांना काजळी लागल्यासारखं वाटतं, मी हात बघते, आणि हातावर फक्त म्हातारपणाचे डाग असतात.

सहा वेळा मामा पडला. सातव्या वर्षी मोहरमच्या दिवसांत डेपोनं त्याला बांबूतोडीवर आत जंगलात धाडलं, दीड महिना. सातवं पडणं राहून गेलं. त्याच थंडीत मला खोकला झाला. साधा खोकला, दहा पोरांना झाला होता. पण माय माझ्याकडे अशी बघू लागली जणू मी उसनी आणलेली आहे आणि कोणी परत मागायला येणार आहे. रात्री उठून माझ्या नाकाखाली बोट धरायची. मी सोळा वर्षांची होते, बाबांची लेक होते, मला दोन वेण्या आणि बरीच मतं होती. मी म्हणायचे, "माय, हा अंधविश्वास आहे." माय म्हणायची, "हौ. तू श्वास घे."

त्याच सुमारास जंगलखात्याचे नवे रेंजर साहेब आले. तरुण होते, घामाघूम होत बोलायचे आणि मनापासून बोलायचे. वाघ वाचवायचे आहेत, हे तेव्हा आमच्या भागात नवीनच होतं. तोपर्यंत वाघ मारला की साहेब लोक फोटो काढायचे. आता साहेबच म्हणत होते मारू नका. ते जीपवर भोंगा लावून गावोगाव फिरले, भिंतींवर कागद चिकटवले. एका सभेत एक म्हातारा उभा राहिला, "साहब, हम तो समझ गए. शेर को भी बता दिया क्या, कि गाय को न मारे?" सगळे हसले, साहेबही हसले, पण मग आमच्या ओसरीवर येऊन बाबांपुढे डोकं धरून बसले. "गुरुजी, लोग सुनते नहीं. लेकिन शेर का नाच तो देखते हैं न?" परसवाड्याच्या बाजारात शेरनाच करायचा, त्यात वाघ वाचवण्याचा संदेश द्यायचा, असं त्यांनी सुचवलं. शेर अर्थात किसनामामा, डेपोतलाच माणूस. संवाद लिहायला बाबांनी माझं नाव पुढे केलं, कारण मी निबंधात पहिली आले होते.

ते संवाद आज माझ्याकडे नाहीत, आणि हे माझ्या कुटुंबाचं नशीब आहे. सुरुवात आठवते: "हे मानव! मैं वनराज हूँ. प्रकृति के संतुलन हेतु मेरा जीवित रहना अत्यावश्यक है." पुढे अशी चार पानं. शेवटी शिकाऱ्याला पश्चात्ताप होतो, तो बंदूक खाली ठेवतो आणि वनराजाला हात जोडतो. मी हे ओसरीवर मोठ्यानं वाचून दाखवलं. मामा बांबूची काडी चघळत ऐकत होता.

"वाघ 'हेतु' म्हणते काय वं?" त्यानं विचारलं.

"हा शिकलेला वाघ आहे, मामा."

"अस्सं. अन् गोळी कवा लागते मले?"

मी पानं जुळवू लागले. तो काडी थुंकून म्हणाला, "हे पाय, सुमे. हेतु म्हणीन, संतुलन म्हणीन, तुले जे लागन ते म्हणीन. पर शेवटी मी पडीन. सातवं राह्यलं हाय, मोहरम गेला तरी पडणं धरतेत. तुयी माय झोपत नाही, मले ओसरीवरून दिसते ना. येणार हाय ते नारळ घेऊन."

रेंजर साहेबांनी मला आधीच बजावलं होतं, "बेटी, आखिर में शेर मरना नहीं चाहिए. मर गया तो सब बेकार." ते बरोबरच होतं. वाघ वाचवा म्हणायचं आणि शेवटी त्याला गोळी घालायची, हे मलाही दिसत होतं. पण मी मामाला सरळ सांगायला हवं होतं. त्यानं नाही म्हटलं असतं तर कार्यक्रम गेला असता, आणि माझी चार पानं गेली असती. मी म्हटलं, "हौ मामा, पडशील." मग दौलत टेलरच्या दुकानात जाऊन त्याच्या टिकल्यांची डबी मागून घेतली. तो शिवणयंत्रावरून चष्मा खाली करून म्हणाला, "मंग किसना पडन कसा?"

"पडायचाच नाही त्यानं."

"त्याले सांगतलं काय?"

"हौ," मी म्हटलं. त्या आठवड्यातलं दुसरं "हौ". माझ्या विज्ञाननिष्ठेला तेव्हा असं वाटत होतं की सत्यासाठी दोनदा खोटं बोललं तर चालतं.

परसवाड्याला आम्ही डेपोच्या ट्रकमधून गेलो. बाबा आले नाहीत. ते म्हणाले, नवस असेल तिथे मी नाही आणि नाटक असेल तिथेही नाही. मोहफुलांचे दिवस होते. बाजारभर तो गोड, जरा डोक्यात चढणारा वास, टोपल्या घेऊन बसलेल्या बायगा आदिवासी बाया, मिठाची पोती, बांगड्या. माय दीक्षेच्या वेळची पांढरी साडी नेसून आली होती, पदराखाली नारळ. मी ट्रकच्या आडोशाला मामाला रंगवलं. तेव्हाचे पट्टे मला सगळ्यात चांगले साधले होते. मानेवरचे तर असे बारीक की मामा म्हणाला, "गुदगुल्या होऊन राह्यल्या, लवकर कर."

ताशा सुरू झाला. बघता बघता तीन-चारशे माणसांचा घेरा जमला. मामा घेऱ्यात आला, झेपावला, पोरं किंचाळली. मग माझे संवाद यायचे होते. तो मधोमध उभा राहिला, मुखवट्यातून म्हणाला, "हे मानव..." आणि थांबला. लोक हसायला लागले. त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि चार पानांच्या जागी एक डरकाळी फोडली. कोणाचं काही अडलं नाही, माझ्याशिवाय. दौलत आला. बंदूक खांद्याला लावली, नेम धरला, आणि ठरल्याप्रमाणे ती खाली ठेवून त्यानं हात जोडले.

मामा गोळीची वाट बघत होता. गोळी येईना म्हणून त्यानं एक फेरी मारली आणि परत त्याच जागी आला. दौलत हात जोडून उभाच. लोकांना काही कळेना. "मारो ना भाई!" कोणी ओरडलं. "गिराओ! गिराओ उसको!" मग सगळेच. त्यात राग नव्हता. लहानपणापासून पाहिलेल्या खेळाचा शेवट ते मागत होते. मामानं दुसरी फेरी मारली, तिसरी. ऊन माथ्यावर आलेलं. पिवडी घामानं वाहून पोटाकडे उतरत होती. मनात आलं असतं तर तो गोळीशिवायच पडला असता, पण तसं पडणं धरत नाहीत, हे त्याला माहीत होतं आणि मायलाही. माय घेऱ्याच्या आतल्या काठाला नारळ घेऊन उभी होती, दौलतकडे बघत, मग बंदुकीकडे, मग माझ्याकडे. मामानंही माझ्याकडे पाहिलं. मुखवट्याच्या भोकांतून फक्त डोळे दिसत होते. मी मान हलवली. नाही.

त्यानंतर तो नाचला नाही. हातापायांवर आला आणि घेऱ्याच्या कडेकडेनं चालू लागला. जिकडे जाई तिकडे पाय. माणसांचे पाय, सगळीकडून. चालता चालता त्याचा श्वास ऐकू यायला लागला, इतका की ताशेवाल्याचे हात आपोआप मंदावले आणि थांबले. ओरडणंही विरलं. मी त्याला सहा वर्षं रंगवलं होतं, पण तो मला पहिल्यांदाच माणूस वाटेनासा झाला. आणि तेवढ्यात मोहाच्या टोपलीशी बसलेली एक बायगा म्हातारी वैतागून म्हणाली, "अरे रस्ता तो छोड़ो. चारों तरफ से घेर के खड़े हो, जाएगा किधर से?"

तिच्या बाजूची माणसं सरकली. मग त्यांच्या बाजूची. घेऱ्याला दार पडलं, आणि मामा त्या दारातून निघाला. सावकाश, हातापायांवर, मिठाच्या पोत्यांवरून, बांगडीवालीच्या चादरीला वळसा घालून, बाजाराच्या टोकाला जिथून सालाची झाडं सुरू होतात तिथपर्यंत. कोणी हसलं नाही. बायांनी पोरं कडेवर उचलली आणि वाट दिली. तो झाडांत शिरला. रेंजर साहेबांनी भाषण लिहून आणलं होतं, ते खिशातच राहिलं.

मायनं मला तिथेच थोबाडीत मारली. "तुयासाठी होतं ते," एवढंच म्हणाली. परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये ती माझ्या शेजारीच बसली, पण माझ्या अंगाला तिचा पदरही लागू दिला नाही. त्या दिवशी साहेबांनी मला लेखिका म्हणून एक कागद दिला होता, सहीशिक्क्याचा. मी तो घेतलाही. एक अक्षर कोणी ऐकलं नव्हतं, तरी घेतला.

मामा दुसऱ्या दिवशी दुपारी आला, पायी आणि थोडा कोणाच्या बैलगाडीवर. कानामागे पिवडी राहिलेली. मायनं त्याला पेज वाढली. मी समोर बसून सगळं कबूल केलं. दोन्ही "हौ" आणि टिकल्यांची डबी. तो पेज पीत होता.

"मले समजलं होतं. तू मुंडी हलवली तवाच."

"चिडला नाहीस?"

"चिडलो ना. त्या घेऱ्यात असा चिडलो का तुले फाडलंच असतं." मग वाटी खाली ठेवून म्हणाला, "पर सहा वर्सं मी त्याच्यातून पडूनच बाहेर आलतो, वं. चालत बाहेर पयल्यांदा आलो."

पुढच्या मोहरममध्ये मायनं सगळं नीट जुळवलं. टिकल्या स्वतः विकत आणल्या, दौलतला शपथ घातली, मला घरात कोंडलं नाही एवढंच. ताशा, घेरा, नेम, आणि ठो. दणदणीत वाजली. मामा उभाच. दौलतनं दुसरी टिकली फोडली, तिसरी. "पड ना गा, किसना," माय रडत म्हणाली, मला ऐकू आलं. त्यानं हातापायांवर एक फेरी मारली. परसवाड्याची गोष्ट तोवर लामत्यात पोचली होती, लोकांनी आपणहून वाट केली, आणि तो निघून गेला. रात्री ओसरीवर माय त्याच्याशी भांडली. तो म्हणाला, "बाई, मी पडलो का नवस फिटला. फिटला का संपला. मंग पोरीकडं कोण पायते? मी उभा हाओ तवर ते बी उभी हाय." माय यावर "मंग?" म्हणाली नाही. काही वर्षांनी तीच हे बायकांना सांगायची, जणू तिलाच सुचलं होतं.

अशा रीतीनं माझा मामा न पडणारा शेर झाला. रेंजर साहेब बदलून गेले, दुसरे आले, पण जंगलाकाठच्या गावात कार्यक्रम असला की मामाला बोलावणं यायचं. संवाद कोणी लिहिले नाहीत, देवाची कृपा. शेर नाचायचा, शिकारी गोळी झाडायचा, शेर पडायचा नाही, लोक वाट द्यायचे. तेवढाच खेळ. पुढे एका गावात धानाच्या बांधीत खराखुरा वाघ अडकला, चहूबाजूंनी काठ्या घेऊन माणसं जमली, आणि कोणीतरी म्हणालं की एक बाजू मोकळी सोडा. सोडली, आणि वाघ गेला. ते मामाच्या नाचामुळे, असं डेपोतले लोक सांगायचे. खरं असेल किंवा नसेलही. वाघाला कोणी विचारलं नाही. आता शाळांमध्ये मुलं पुठ्ठ्याचे मुखवटे लावून घोषणा देतात, मला हार घालून खुर्चीवर बसवतात, आणि मी त्यांना हेच सांगते: घोषणा द्या, पण उभं राहताना एक बाजू सोडून उभे राहा. मुलांना वाटतं आजीला वारा लागत नाही म्हणून म्हणते.

मी स्वतः जंगलात वाघ कधी पाहिला नाही. नातू जिप्सीतून घेऊन गेला होता, दोन वेळा. चितळं पाहिली, मोर पाहिले, धूळ खाल्ली. तो हळहळला. मला हळहळ वाटली नाही. मला जो बघायचा होता तो त्या झाडांत नव्हता.

बाबा गेले, मग माय गेली. मामा म्हातारपणी किरनापूरला माझ्या घरी आला. गुडघे गेलेले, तरी कोणी पोरगं समोर आलं की बसल्या जागी पंजा उगारायचा. शेवटच्या आजारात त्याला फार बोलवत नव्हतं. एका दुपारी मी त्याला भाताची पेज भरवत होते, त्यानं चमचा हातानं बाजूला केला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "सुमे, आता पडू काय?"

त्यानं मला का विचारलं ते मला कळलं. नवस बोलणारी गेली होती. आता हो म्हणणारी मीच राहिले होते. मी जन्मभर नवसाला हसलेली बाई. मी पासष्टीची होते, मधुमेह सोडला तर धडधाकट होते, आणि मला भीती वाटली. माझ्या स्वतःच्या जीवाची नाही, खोटं कशाला बोलू, थोडी तीही. मी त्याच्यावर ओरडले, "गप पड. काही नाही पडायचं. थांब."

"हौ," तो म्हणाला, आणि थांबला. दोन दिवस थांबला. श्वास घेताना त्याच्या छातीतून जो आवाज येत होता, तो ऐकत मी खाटेच्या कडेला बसून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा हात हातात घेऊन कुसळं शोधली. कित्येक वर्षांपूर्वीच निघून गेलेली, मला माहीत होतं. मग मी वाकून त्याच्या कानाशी म्हटलं, "पड आता, मामा. मी बरी आहे."